घडीची सायकल

बायकोशी हुज्जत घालून त्याने घडीची महागडी सायकल घेतली आणि महिन्याभरात तिचा मधला सांधा खिळखिळा झाला. आता हे घरी कोणत्या तोंडानं सांगायचं? रोज तो कोपऱ्यापर्यंत ऐटीत चालवायचा आणि वळल्यावर उतरून थेट ऑफिसपर्यंत ढकलत न्यायचा. नशीब, हल्ली डबा अर्धा तास आधीच हातात पडायचा, म्हणून उशीर तरी होत नव्हता.

आज फाटकातच, बायकोच्या डोळ्यांदेखत, सायकलचे दोन तुकडे झाले. तो तिथेच फतकल मारून बसला आणि एकदाचं सांगून मोकळा झाला, "दोन महिने ढकलतच नेतोय गं."

"दिसतं मला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून," त्याला हात देत ती म्हणाली. "डबा काय उगाच लवकर भरत होते?"