चारही कोपऱ्यांतून

१ मे २०२५, सकाळी १०.४०. ग्रामसभेस २१४ ग्रामस्थ उपस्थित. विषय एकच: आंबी नदीपलीकडच्या आमच्या गावाचे बारा एकर गायरान एका गोदामासाठी द्यावे की नाही.

प्राचीन रोमन शहरांतील सामान्य लोकांच्या राजकारणावर संशोधन करणारी तेजल विरोधात बोलण्यास उभी राहिली. तिने तोंड उघडताच मंडपाच्या चारही कोपऱ्यांतून एकदम "मंजूर, मंजूर!" असा घोष सुरू झाला आणि मधली माणसेही त्यात सामील झाली. तिचे पुढचे वाक्य कोणालाच ऐकू आले नाही.

सरपंच म्हणजे तिचे सख्खे चुलते. ती तडक त्यांच्यापाशी गेली.

"आबा, तुम्ही माणसं पेरलीत?"

"व्हय. दिवाळीत तूच न्हाई का सांगितलंस, तिकडं रोमात पुढारी गर्दीत आपली माणसं बसवायचे, ती वरडली की समदी वरडायची?" आबा मनापासून कौतुकाने हसले. "लय कामाचं शिकलीस, पोरी. मीच उगा म्हणत हुतो, ह्या शिक्षणाचा गावाला काय उपेग!"

त्यानंतर ठरावावर रीतसर हात मोजण्यात आले.



बाजूने १८९, तटस्थ २४, विरोधात १.