प्रेसिडेंटीणबाई मला बघायला आल्या

गेल्याच आठवड्यात म्युनिसिपालटीच्या प्रेसिडेंटांच्या बायकोने सभेत ठणकावलं होतं, "मुलींना शिकवा, लग्नाची घाई नको!" आणि आज त्याच बाई आमच्या घरी! त्यांचा मुलगा मुंबईत वकील, मांडव्याच्या बोटीने परवाच आलेला, बिनलग्नाचा. मला दाट संशय आला. आईने तर मला लुगडं नेसवून पुढ्यात बसवलंच. बाईंनी सुई ओवायला दिली नाही, चालून दाखवायलाही सांगितलं नाही. वर्तमानपत्र पुढे केलं. "वाच बरं, कोकिळा." पसंत पडले तर शाळा बंदच! मी मुद्दाम अक्षराअक्षराला ठेचकाळले. आई कपाळाला हात लावून चहा आणायला गेली. बाई जवळ सरकून कुजबुजल्या, "अगंबाई, म्हणजे तुलाही माझ्याइतकंच येतं? भाषणं साहेब माझ्याकडून पाठ करून घेतात गं. त्यांना न कळता मला वाचायला शिकवणारी हवी होती." मी वर्तमानपत्र ओढलं आणि जाहिरातींसकट घडाघडा वाचून काढलं.