अकराच्या ठोक्याचे आकुंचन

"ते तीन दिवस वगळ," देवव्रत सर म्हणाले. "प्रबंधावर सही हवी आहे ना?"

गंधालीला सही हवी होती. मुलुंडच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात तिने त्या सहीसाठी चार वर्षे घालवली होती. विषय होता भूल देताना वापरायचे स्नायू शिथिल करणारे एक औषध. ते हातपाय सैल करते, पण श्वासनलिकेतले काही रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे संदेश घेणारे ग्राहक, अडवते आणि नलिका उलट आवळते, असा विभागप्रमुख देवव्रत सरांचा सिद्धान्त होता.

प्रयोग साधा होता. शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसातले, रुग्णाच्या संमतीने मिळालेले श्वासनलिकेचे कडे कोमट क्षारद्रावात टांगायचे, केसाएवढी ओढही टिपणाऱ्या उपकरणाला बांधायचे आणि अकराला औषध सोडायचे. सर अकराच्या ठोक्याला अवतरत. "सोड!" असे गरजून उपकरणाच्याच टेबलावर मूठ आपटत. संशोधनाला त्यांचा हातभार एवढाच. पडद्यावरची रेषा टुणकन उसळे. शोधनिबंधावर पहिले नाव अर्थातच त्यांचे होते.

गेल्या महिन्यात हा शोध मांडायला ते तीन दिवस हैदराबादच्या परिषदेला गेले. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. इकडे त्या तिन्ही दिवशी रेषा ओहोटीच्या खाडीसारखी सपाट पडून राहिली.

"औषध तेच होतं, सर. मात्राही तीच."

"मग तुझा हात चुकला असेल! मी नसलो की सगळे ढिले पडता तुम्ही!"

सरांची मूठ त्याच टेबलावर आदळली. आजचे कडे टांगलेलेच होते. रेषा टुणकन उसळली.

"हे बघ!" सरांचा चेहरा उजळला. "डोळे उघडून बघ! हा परिणाम नाही तर काय आहे?"

दार ढकलून प्रयोगशाळेचे जुने मदतनीस गुणाजी आत आले. त्यांच्या हातात गार पडलेली, झाकणाला हातही न लागलेली बाटली होती.

"म्याडम, आजचं औषध आणलं फ्रीजमधनं. सील फोडू ना?"

रेषा सावकाश खाली आली. गंधालीने सहीचा कागद सरांपुढे सरकवला आणि पेनाचे टोपण काढले.

"सर, वगळू कुणाला? त्या तीन दिवसांना, की तुम्हाला?"