पुढची जागा

कॉलेजमागच्या दफनभूमीत जेझुइट फादरांना मरणाच्या क्रमानं, एका रांगेत पुरायचे. तिथे प्राचार्यांचाही वशिला चालत नसे. आज वनस्पतिशास्त्राच्या म्हाताऱ्या फादरांना माती दिली. ऊन मी म्हणत होतं. नव्या इमारतीसाठी प्राचार्यांनी या फादरांचं लाडकं झाड तोडलं, तेव्हापासून अकरा वर्षं एकाच टेबलावर जेवूनही ते प्राचार्यांशी चकार शब्द बोलले नव्हते. सगळे पांगले, प्राचार्य तेवढे छत्री धरून थांबले. रांगेतली पुढची जागा आपली, हे त्यांना ठाऊक होतं. फादरांमध्ये आता तेच सर्वांत थोरले. त्या जागेच्या उशाशी कमरेएवढं रोप उभं होतं. “हे कुणी लावलं?” त्यांनी माती सारखी करणाऱ्या माळ्याला विचारलं. तो घाम पुसत म्हणाला, “त्यांनीच. रोज स्वतः पाणी घालायचे. मी म्हटलं, ‘फादर, तुमची जागा अलीकडची, सावली पलीकडे पडेल.’ तर म्हणाले, ‘पडू दे, प्राचार्यांना ऊन सोसत नाही.’”