विचारल्याशिवाय

चोविसाव्या खेपेला एडिटरने मान टाकली. ऑरिन निगार्डने हुकूम पुन्हा टाइप केला. पडद्यावर तेच उत्तर आलं: आणखी प्रोग्रॅम सुरू करता येत नाहीत.

शेजारच्या टेबलावरून लोर्ना कुचेरा उठून आली. तिने प्रोग्रॅमांची यादी काढली. एडिटरने सुरू केलेली तेवीस नावं होती. तेवीसही मेलेली: काम संपलेलं, पण नाव जागा अडवून बसलेलं.

"हा एडिटर आहे की चर्चमागची दफनभूमी?" ती म्हणाली.

"जुन्या यंत्रावर असं कधी झालं नाही."

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या या कंपनीत ऑरिनचा एडिटर, म्हणजे त्याने बनवलेला लिहायचा प्रोग्रॅम, सहा वर्षं चालत होता. माणूस त्यात बसून लिहायचा आणि एडिटर त्याच्यासाठी दुसरे प्रोग्रॅम चालवायचा. त्यातला एखादा संपला की यंत्र एडिटरला हाक मारी. ऑरिनने ती हाक बंद करून ठेवली होती. कामात मध्येच कुणी हाक मारलेली त्याला खपत नसे. आता हाच एडिटर नव्या यंत्रावर चढवायचा होता. शुक्रवारपर्यंत चालला नाही, तर तो मोडीत काढून दुसऱ्या कुणाचा तरी घ्यायचा, असं वर ठरलं होतं. आज बुधवार होता.

लोर्नाने नव्या यंत्राचं पुस्तक चाळलं.

"तुझं जुनं यंत्र फार लाडावलेलं होतं बघ. 'मला सांगू नका' म्हटलंस की मेलेल्याचं सगळं परस्पर उरकून टाकायचं. हे तसं नाही. सांगू नका म्हटलंस, तर सांगणार नाही. पण नावही पुसणार नाही. तू विचारल्याशिवाय नाव जात नाही."

"काय विचारायचं?"

"शेवट कसा झाला ते! नीट संपला असेल तर शून्य, बिघडून संपला असेल तर दुसरा आकडा. मला काय विचारतोस? आपल्या एडिटरच्या पुस्तकात, पाचव्या प्रकरणात तूच लिहिलंयस. मार्लिसने टाइप केलंय."

नाव तोंडातून गेलं आणि लोर्नाने हातातलं पुस्तक मिटलं.

मार्लिस ऑरिनची बायको. मागच्या मार्चमध्ये गेली. "काही झालं तर कामावर फोन करू नका, सहाला मी येतोच," असं त्याने हॉस्पिटलात सांगून ठेवलं होतं. त्यांनी केला नाही. सहाला तो पोचला तेव्हा पलंगावर नवी चादर घातलेली होती. त्याच्या हातात एक पिशवी दिली. तिच्यात सपाता, चष्मा आणि एक चिठ्ठी. 'एकदा फोन करा. व्हायोला, दिवसपाळीची नर्स.' खाली नंबर. चिठ्ठी दहा महिने त्याच्या कीबोर्डखाली होती. शेजाऱ्यांनी तेव्हा हॉटडिश, म्हणजे भट्टीत शिजवलेलं जेवण, भरून आणलेली भांडी, बुडाला नावांच्या चिकटपट्ट्या असलेली, अजून त्याच्या ओट्यावरच होती.

ऑरिनने पाच ओळी लिहिल्या. एडिटर सुरू केला. चोविसावा प्रोग्रॅम चालला, पन्नासावा चालला, दोनशेवा चालला. प्रत्येकाला त्याने शेवट विचारला. प्रत्येकाने शून्य सांगितलं. यादीत एकही मेलेलं नाव राहिलं नाही.

"सुटलो बाबा एकदाचे," म्हणत लोर्ना कॉफी आणायला गेली.

ऑरिनने कीबोर्ड उचलला. चिठ्ठी काढली. नंबर फिरवला.

"निगार्ड बोलतोय. मार्लिसचा नवरा."

"अगं बाई! दहा महिने झाले हो."

"शेवट कसा झाला तिचा?"

"झोपेतच गेल्या. त्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, 'त्याला फोन करू नका. तो आपण होऊन विचारील. विचारलं की एवढंच सांगा.' पण मिस्टर निगार्ड, ते सांगायला माझी जीभ रेटत नाही. बाई रागाने बोलल्या असतील."

"काय म्हणाली?"

"'शून्य' म्हणाल्या."