दोघांच्या मध्ये

बुन-रेने पांढरी शेवंती ठेवली, दुखरे गुडघे कसेबसे वाकवून फोटोपुढे डोकं टेकवलं आणि तिला एकदम रडू फुटलं.

फोटो माणसाएवढा होता. पन्नास वर्षांपूर्वीचे राष्ट्राध्यक्ष काळ्या सुटात, शेजारी पांढऱ्या हानबोकमधली, म्हणजे पारंपरिक कोरियन वेशातली, त्यांची पत्नी. राष्ट्राध्यक्षांच्या या जन्मगावी बस भरभरून म्हातारी माणसं येत. आज बुन-रेच्या वस्तीतली बस आली होती. लेक गी-सुक आली होती ती फक्त आईला हात द्यायला.

"आई, ऊठ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "कुणापुढे वाकतेस? बाबांना यांच्याच माणसांनी नेलं ना?"

"मला सांगतेस? दारात मी उभी होते तेव्हा."

मागून माजी सैनिकाची टोपी घातलेला एक म्हातारा पुढे सरकला. "रडू द्या हो त्यांना. या माणसानं देशाला पोटभर भात दिला. आताच्या पोरांना काय कळणार!"

बुन-रे वळली. गाल अजून ओले होते. "भात दिला, खरंय. गवताचं छप्पर काढून पत्रे दिले, तेही खरंय. माझा नवरा गुत्त्यावर दोन घोट पिऊन एवढंच म्हणाला, या पत्र्याखाली उकडून मरतो आम्ही. तीन वर्षं आत होता. आला तेव्हा एका कानानं ऐकू येत नव्हतं. तेही सांगत जा लोकांना."

म्हातारा टोपी सारखी करत मागे झाला.

आता आई निघेल, असं गी-सुकला वाटलं. तेवढ्यात तिथली कार्यकर्ती म्हणाली, "आजी, फोटो हवा का? दोघांच्या मध्ये उभ्या राहा."

बुन-रेने बाहीने डोळे पुसले, केस चापून बसवले आणि खरोखरच मध्ये जाऊन उभी राहिली.

गी-सुकच्या हातात मोबाईल तसाच राहिला. "आई, अगं आत्ता तर तू त्या माणसाला..."

"ही बाई गोळी लागून गेली ना, तेव्हा गावात एकच टीव्ही होता. अंत्ययात्रा बघायला तुझे बाबा मला घेऊन गेले. मला काही रडू येईना. तेच ढसाढसा रडले. येताना वाटभर माझा हात धरून चालले, सगळ्या गावादेखत. पुढच्याच वर्षी त्यांना नेलं. परत आल्यावर त्यांनी कधी कुणाचा हात धरला नाही."

गी-सुकनं हळूच विचारलं, "मग आत्ता तू रडलीस कुणासाठी? हिच्यासाठी, की बाबांसाठी?"

बुन-रेने एकदा या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला.

"ते कळलं असतं, तर एवढ्या लांब कशाला आले असते?" ती म्हणाली. "काढ लवकर. मागे लोक खोळंबलेत."