धुळ्याची जर्सी

चोपड्याच्या मैदानावर युवराजने धुळ्याच्या संघाची शेवटची पेनल्टी अडवली आणि गावाने त्याला खांद्यावर घेतलं. भीमनगरच्या पोराला गावाने असं उचललं ते पहिल्यांदाच. हातात माइक आला तेव्हा तो हरखून एवढंच म्हणाला, "कप आधी आमच्या भीमनगरात नेऊ." टाळ्या एकदम थांबल्या.

धुळ्याच्या गोलकीपरने आठवण म्हणून जर्सी बदलून मागितली, ती युवराजने हसत बदलली आणि धुळ्याची जर्सी अंगात चढवली. तोवर बाहेर धुळेकरांच्या गाडीवर दगड पडू लागले होते. युवराजला पाच-सहा जणांनी मैदानाच्या भिंतीशी गाठलं. झेंड्याची काठी गुडघ्यावर बसली.

"अरे, मारू नका! मी युवराज, आपला गोलकीपर!"

काठी प्रेमराजच्या हातात होती. मघाशी यानेच त्याला खांद्यावर घेतलं होतं. तो खाली वाकून शांतपणे म्हणाला, "माले माहीत शे." आणि पुढचा तडाखा त्याने जबड्यावर हाणला.

धुळेकरांनी मारलं असं सांगत प्रेमराजनेच त्याला दवाखान्यात पोचवलं. तिसऱ्या दिवशी युवराजचा फोटो पुढे धरून त्याने निषेधाचा मोर्चा काढला आणि तिथून तो थेट भेटायला आला. जबडा तारांनी बांधलेल्या युवराजने आईचा हात गच्च धरला, घशातून नुसता आवाज काढला. द्रौपदाबाईला वाटलं, पोराला भरून आलं. तिने प्रेमराजचे दोन्ही हात कपाळाला लावले.

"भाऊ, तुम्ही व्हतात म्हनीसन मना पोऱ्या वाचना."